काजळीचं बहुवचन

फेब्रुवारीतही नदी गोठत नाही इथे,
बंधाऱ्याखालच्या त्या एका वळणावर.
बाकी सगळ्यावर पांढरं झाकण.

ताइमी कमरेला दोर बांधून छपरावर चढते,
धुराड्यात ब्रश सोडते लोखंडी गोळ्यासकट,
खर्र, खर्र,
आणि वरून ओरडते, "नोकी! बादली धरा!"
बादली मी धरतो. वेसाचा भाडेकरू, दुसरं काय करणार.

नोकी म्हणजे काजळी.
पुष्कळ झाली, मोजता येईना, की व्याकरण तिला वळवतं:
नोकिया.
ताइमीला लहानपणी हेच सांगितलेलं,
गाव काजळीचं, तूही काजळीची.
बाप धुराडी झाडायचा, त्याचा बापही.

वेसा मान हलवतो. नाही.

वेसानं एकोणीस वर्षं फोन खाली टाकले.
नोकरीच होती ती.
दीड मीटरवरून, फरशीवर, आधी या कोपऱ्यावर, मग त्या,
उचलायचा, लागतो का बघायचं, वहीत खूण करायची.
फोन तगले.
एका मंगळवारी त्याचा विभागच वरून सोडला कुणीतरी,
आणि खूण करायला खाली कुणी नव्हतं.

तेव्हापासून रात्री भिंग घेऊन तो
जुन्या करवसुलीच्या याद्या वाचतो.
अमुक घर, राई इतकी, सुके मासे इतके,
कातडी इतकी.
चाळीस खारींचं एक जुडगं.
नाणं या रानात रुळलं नव्हतं तेव्हा
देणंघेणं केसाळ होतं, उबदार,
आणि पैशाला अजूनही इथे तोच शब्द आहे, कातडीचा:
रहा.

(माझ्या भाषेत ही विनवणी.
निघालेल्याची बाही धरून म्हणायची.)

"नोइस," वेसा म्हणतो.
काळंभोर, मुंगसाहून थोडं थोराड, झुपकेदार शेपटीचं,
बर्फावर शाईचा डाग पळावा तसं.
होतं का इथे खरंच? जाणकार भांडतात.
कुणी म्हणतं, दुसरंच जनावर, संध्याकाळी काळं वाटलेलं.
पण पाण्याकाठी नाव राहिलं,
मग ते शेताला लागलं, मग गिरणीला,
कागदाला, रबरी बुटांना, तारांना,
आणि शेवटी त्या निळ्या अक्षरांना,
जी आम्ही दूरदेशी शर्टाच्या खिशात घालून हिंडलो,
रात्री उशाशी ठेवली,
आणि एकदाही विचारलं नाही, कातडं कुणाचं हे.

दुसरी नळी वापरात नाही कित्येक वर्षं.
ब्रश तिथे अडतो. ताइमी शिवी देते, दोर हिसकते,
आणि बादलीत धप्पकन पडतं
शेवाळ, पिसं, अंड्याची टरफलं,
आणि केसांचा एक पुंजका.
काळा.

वेसा भिंग विसरतो, चष्मा विसरतो.
"धुऊ नका," म्हणतो.
पण ताइमीनं नळ सोडलेलाच असतो.
काळं पाणी जातं, जातच राहतं, मोरी भरते,
आणि तिच्या तळव्यावर उरतो तपकिरी,
अगदी साधा तपकिरी ओला झुपका.
कुठल्याही रानात भेटणाऱ्या, कुणाच्याही माळ्यावर बिऱ्हाड करणाऱ्या जनावराचा.

कुणीच काही बोलत नाही.
मग ताइमी म्हणते, छपरावर सकाळचे पाय उमटलेत,
पाच बोटं, ताजे.

वेसा जुनी वही काढतो. रकाने अजून आखलेले.
उंची: सात मीटर.
पृष्ठभाग: बादली.
तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबतं,
शाई गोठलेली, तो तोंडाची वाफ देतो,
आणि लिहितो: चालू.

ताइमी हातमोजे काढते, पावती फाडते,
वर बघत हिशेबाचा तो एकच शब्द उच्चारते.
वेसा खिसे चाचपू लागतो.
मला मात्र वाटतं,
ती माळ्यावरच्याशी बोलली.